भिंतीला शिकवलेलं अर्थशास्त्र

सरांना धक्के बसायची सवय नव्हती. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला जे घडणार ते आधीच माहीत असतं, निदान घडून गेल्यावर तरी ते आधीच माहीत होतं असं सांगता येतं. त्या जोरावर सरांनी नोकरीची सगळी वर्षं फारसं काही अंगाला लावून न घेता काढली होती. पहिल्या वर्षाचा वर्ग त्यांच्याकडे होता. विद्यापीठातला सगळ्यात मोठा वर्ग, चारशेच्या वर मुलं, उतरत्या पायऱ्यांचं सभागृह. मागच्या रांगांतल्या मुलांना सरांना चष्मा आहे हे परीक्षेच्या दिवशी कळायचं.

या वर्गात सरांची एक पद्धत होती. एक मुद्दा संपला की ते खडू खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कळलं?" मग एक घोट पाणी पिण्याइतका वेळ थांबत. सभागृह शांत असे. "छान," असं म्हणून ते पुढच्या मुद्द्याकडे वळत. आजवर कुणीही "नाही" म्हणून सांगितलं नव्हतं. शिकवण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, याचा आणखी कुठला पुरावा सरांना नको होता. परीक्षेत निम्मा वर्ग आडवा का होतो हा प्रश्न त्यांनाही पडायचा, पण त्याचं खापर त्यांनी मुलांच्या जागरणांवर फोडून टाकलं होतं.

आणि मग ते परिपत्रक आलं. मोठ्या वर्गांतल्या मुलांना घरी पुन्हा ऐकता यावं म्हणून प्रत्येक व्याख्यान रेकॉर्ड करून संकेतस्थळावर टाकायचं. इथवर ठीक होतं. परंतु खाली एक ओळ होती, की ज्यांची रेकॉर्ड केलेली व्याख्यानं मुलं खरोखर बघतील त्यांच्याकडेच पुढच्या सत्रात मोठे वर्ग दिले जातील. ती ओळ सरांनी दोनदा वाचली. समोरच्या खोलीतल्या नव्या मॅडमनी परिपत्रकाची शाई वाळायच्या आत चार व्याख्यानं टाकलीसुद्धा होती, मागे पुस्तकांचं कपाट आणि बाजूला कुंडी वगैरे. हा वर्ग गेला तर सरांच्या वाट्याला उरणार होता तो दुपारचा शेतमालाच्या किमतींवरचा ऐच्छिक विषय, ज्याला तीन विद्यार्थी होते आणि त्यातला एक चुकून आलेला होता.

सभागृहात कॅमेरा लावून पाहिला. त्यात सर अंगठ्याएवढे दिसले आणि आवाज फक्त पंख्याचा आला. विद्यापीठाच्या चित्रीकरण कक्षात नंबर लागायला सत्र उलटलं असतं. तेव्हा सरांनी ठरवलं की हे काम घरीच उरकायचं. फोन आहे, तोंड आहे, आणखी लागतं काय, असं ते बायकोला म्हणाले. बायको काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा सरांनी सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या खोलीखाली वेल्डिंगचं दुकान होतं. झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे गायनाच्या बाई शिकवण्या घ्यायच्या, त्यामुळे सरांनी "मागणी वाढली" म्हटलं की लगेच पलीकडे कुणीतरी आलाप घ्यायचं. स्वयंपाकघरात प्रत्येक भांड्याला आपलं म्हणणं मांडायचं असतं. राहिली मागची खोली. ती शांत होती, तिला दार होतं, उजेड होता. पण त्या खोलीत सासूबाई होत्या. त्यांचा गुडघा बदलला होता, आणि डॉक्टर पाय टेकू देईपर्यंत त्या खाटेवरून हलणार नव्हत्या.

"आईचा काही त्रास नाही," बायको म्हणाली. "ती गप्प पडून राहील."

सासूबाईंनीही कबूल केलं, की आपण तोंडातून ब्रसुद्धा काढणार नाही.

बातमी जिन्यात फुटली आणि सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य स्वतः येऊन खोलीत टाळ्या वाजवून गेले. इथे आवाज घुमतो, भिंतींना गोधड्या लावा, असं निदान त्यांनी केलं आणि दवाखान्यातला जुना दिवाही आणून दिला. त्या दिव्याचा झोत तोंडावर पडला की सरांचा जबडा आपोआप उघडायचा. गायनाच्या बाईंनी सांगितलं की आवाज पोटातून आला पाहिजे, त्यासाठी पोटाशी उशी बांधा, शर्टाच्या आत दिसणार नाही. ती दिसली. कपाळ फार चकाकतं म्हणून बायकोने पावडर थापली. या सगळ्यानंतर इस्त्रीच्या टेबलावर शब्दकोश, शब्दकोशावर डबा आणि डब्याला टेकवून फोन उभा राहिला, आणि त्याच्यासमोर चहूबाजूंनी गोधड्या टांगलेल्या जागेत, पोट पुढे आलेले, तोंड पांढरं पडलेले सर उभे राहिले. विद्येसाठी माणसाला काय काय सोसावं लागतं, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःबद्दल आदर वाटला.

विषय होता घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम. सरांच्या अगदी हातचा. समजा, तुम्हाला खूप तहान लागली आहे. पाण्याचा पहिला पेला अमृतासारखा लागतो. दुसरा बरा लागतो. तिसरा नकोसा होतो. म्हणजेच, इतर सर्व घटक स्थिर असता, प्रत्येक पुढच्या पेल्यापासून मिळणारं समाधान कमी होत जातं. सरांनी नसलेला खडू खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोनकडे बघून विचारलं, "कळलं?"

"नाही," असं गोधडीमागून उत्तर आलं.

सर इतके दचकले की उशी सरकली. त्यांच्या आयुष्यात हा शब्द या प्रश्नानंतर कधी आलाच नव्हता. त्यांनी गोधडीची कड बोटभर बाजूला केली.

"आई, तुम्हाला नव्हतं विचारलं."

"खोलीत आणखी कोण आहे?" सासूबाई म्हणाल्या. "विचारल्यावर गप्प बसणं बरं दिसत नाही. आणि खरंच नाही कळलं. तिसरा पेला नको होता तर ओतला कशाला?"

सर म्हणाले, ते उदाहरण आहे. सासूबाईंनी विचारलं, उदाहरणातलं पाणी वाया गेलेलं चालतं का. शिवाय ते इतर सर्व घटक स्थिर म्हणजे काय? तहान लागलेल्या माणसाला कुणी हाक मारणार नाही, दाराची बेल वाजणार नाही, दूध उतू जाणार नाही, असं घर त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. सरांना ओशाळल्यासारखं झालं, पण फोन चालू होता आणि पावडर उतरत चालली होती. "बरं, पुन्हा सांगतो," ते म्हणाले. पुन्हा सांगितलं. शेवटी ठरवूनही तोंड आवरलं नाही, "कळलं?" निघालंच. गोधडीमागून पुन्हा "नाही" आलं.

आता कुणीही म्हणेल, विचारायचंच सोडून द्यायचं. सरांनी तो प्रयत्न केला. पण इतक्या वर्षांचं वळण, मुद्दा संपला की हात चष्म्याकडे जायचा आणि चष्म्यामागोमाग प्रश्न बाहेर पडायचा. दुसऱ्या व्याख्यानात तेच, तिसऱ्यात तेच. प्रत्येक मुद्दा दोनदोनदा, कधी तीनदा समजावून अर्ध्या तासाचं व्याख्यान तासावर गेलं. मधे मधे सर चिडायचे, मग सासूबाईंच्या वयाकडे बघून नमतं घ्यायचे. सगळं नव्याने करायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी आहे तसं चित्रण विद्यापीठाच्या कक्षात पाठवलं आणि तिथल्या तंत्रज्ञाला निरोप दिला, की यातला बाईंचा आवाज तेवढा काढून टाका. या तंत्रज्ञाला सगळे कात्री म्हणायचे. त्याने कामात कधी हयगय केली नव्हती. बाईंचा आवाज त्याने काढला. तेवढाच काढला. आणि व्याख्यानं संकेतस्थळावर चढवून दिली.

सरांनी ती पाहिली नाहीत. सुरुवातीला स्वतःचा पांढरा चेहरा आणि पोट दिसल्यावर त्यांनी डोळे मिटून फोन पालथा घातला, आणि आता मुलांचं मुलं बघतील असं म्हणून मोकळे झाले.

दोन दिवसांनी विद्यापीठात गेले तर शिपायाने न सांगता खुर्ची आणून दिली. व्हरांड्यात मुलं बाजूला होऊन वाट देत होती. कधी नव्हे ते नव्या मॅडम स्वतःहून म्हणाल्या, सर, तुमचे पेपर मी तपासून देऊ का? पहिल्या रांगेत बसणारी, केसांना पेन खोचणारी एक मुलगी थांबली आणि तुम्ही वेळेवर जेवता ना, असं विचारून गेली. रेकॉर्डिंगमुळे आपला दबदबा वाढला, असा याचा अर्थ सरांनी लावला. त्यांची मान ताठ झाली.

विभागप्रमुखांनी बोलावलं. त्यांनी दार लावून घेतलं, पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि आजाऱ्याशी बोलतात तसल्या आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून दिसतात त्या तुम्हाला?"

"कोण?"

"ज्यांना तुम्ही आई म्हणता, त्या."

विभागप्रमुखांनी संगणक वळवला. पडद्यावर गोधड्यांच्या गुहेत सर उभे होते. त्यांनी विचारलं, कळलं? मग रिकाम्या गोधडीकडे वळून ते दचकले. "आई, तुम्हाला नव्हतं विचारलं," ते म्हणाले. थोडं थांबले. "ते उदाहरण आहे," ते गोधडीला म्हणाले. पुन्हा थांबले, मान हलवली, कपाळावरचा घाम पुसला, त्याबरोबर पावडरीचा पट्टा गेला. "बरोबर आहे तुमचं, दूध उतू जाऊ शकतं. पण धरून चालू की नाही जात." मग हात जोडून, "मी चिडलो नाही. पुन्हा सांगतो." हे असं पाऊण तास चाललं होतं. सर बघतच राहिले. पडद्यावरच्या माणसाची त्यांना क्षणभर खरोखर काळजी वाटली.

"त्या माझ्या सासूबाई आहेत," शेवटी ते म्हणाले.

"हयात आहेत?"

"त्यांचा गुडघा बदललाय."

विभागप्रमुखांनी समजुतीने मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तुम्ही थोडी विश्रांती घ्या, ते म्हणाले. वर्ग तूर्त नव्या मॅडम बघतील. तूर्त म्हणजे कधीपर्यंत, हे त्यांनी सांगितलं नाही. पुढ्यातला पेला सरांनी एका घोटात संपवला आणि आणखी एक मागितला, आणि दुसराही पहिल्याइतकाच हवासा वाटला.

एकच उपाय होता. आपण शहाणे आहोत हे सिद्ध करायला सासूबाई आहेत हे सिद्ध करणं भाग होतं. मूळ चित्रण फोनवर शाबूत होतं. सर ते घेऊन कात्रीकडे धावले. कात्री म्हणाला, चढवतो, पण दुसऱ्याचा आवाज असेल तर उपकुलसचिवांच्या कार्यालयाची परवानगी लागते. सर तिथे धावले. तिथल्या बाबूने नियम काढला. व्याख्यानात बोलणारी व्यक्ती अध्यापक, कर्मचारी, पाहुणे वक्ते किंवा विद्यार्थी यांपैकी असली पाहिजे. सासू हा प्रकार त्यात नव्हता. पाहुण्या वक्त्या दाखवायच्या तर त्यांची पदवी लागणार, आणि कर्मचारी दाखवायच्या तर जाहिरात काढावी लागणार. बाबूने बराच विचार करून विचारलं, त्यांना हा विषय येतो का?

"मुळीच नाही," सर म्हणाले.

"मग विद्यार्थी," बाबू म्हणाला.

अशा रीतीने सासूबाईंचा प्रथम वर्षाला बहिःस्थ प्रवेश झाला. संध्याकाळी सरांनी हे घरी सांगितलं तेव्हा बायको भिंतीकडे तोंड करून हसली. सासूबाईंनी गंभीरपणे परीक्षा कधी आहे ते विचारून घेतलं.

मूळ व्याख्यानं संकेतस्थळावर गेली आणि सर श्वास रोखून बसले. आपलं हसं होणार याची त्यांना खात्री होती. हसं झालंच, ते सोडा. पण आठवड्याने कात्रीने जो तक्ता दाखवला तो सरांनी खुर्ची ओढून दोनदा पाहिला. मुलं व्याख्यानं बघत होती, नव्या मॅडमपेक्षा कितीतरी जास्त. आणि सगळी एकाच जातीच्या जागी थांबत होती. सर "कळलं?" विचारत, "नाही" यायचं, आणि तिथून पुढचा तुकडा मुलं पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत होती. आधीचा, सरांना तोंडपाठ असलेला भाग ती पळवून टाकायची.

सर व्हरांड्यात केसांत पेन खोचलेल्या मुलीला भेटले. जरा घुश्शातच त्यांनी विचारलं की हा काय प्रकार आहे. ती म्हणाली, आजींनी जे विचारलं ते आम्हालाही विचारायचं होतं.

"मग विचारलं का नाहीत? मी तर दर वेळी थांबतो."

मुलगी घुटमळली. "थांबता सर. पण लगेच छान म्हणता ना."

हा धक्का आधीच्या सगळ्यांहून जबर होता. सरांना वाईट वाटलं, नुसतं वाईट नाही, आपली इतक्या वर्षांची मिळकत कुणीतरी खोटी ठरवल्यासारखं वाटलं. आपण चारशे मुलांच्या शांततेला मान्यता समजत होतो आणि ती नुसती शांतता होती, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी पुढचं व्याख्यान रेकॉर्ड करायला गोधड्यांसमोर उभे राहिल्यावर त्यांनी पहिल्यांदाच ठरवून प्रश्न विचारला आणि "नाही" ऐकायला कान टवकारले.

सरांची प्रकृती ठीक आहे असं मानायला विभागप्रमुख अजून तयार नव्हते. एक व्याख्यान आम्ही सभागृहात बसून ऐकतो, ते म्हणाले, मग वर्गाचं काय ते ठरवू. बरोबर त्यांनी आणखी दोन प्राध्यापक आणले. सभागृह खच्चून भरलं होतं, पायऱ्यांवरसुद्धा मुलं. सरांनी तोच नियम घेतला, तेच पेले ओतले. मुद्दा संपला. खडू खाली, चष्मा वर. "कळलं?"

शांतता.

सर थांबले. इतके दिवस या जागी गोधडीमागून एक आवाज यायचा आणि मग पुढचं सुचायचं. आज गोधडी नव्हती. "छान" हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला होता आणि तो काही केल्या बाहेर पडेना. सर उभेच राहिले. मुलं हालचाल करू लागली. पहिल्या रांगेत विभागप्रमुखांनी शेजारच्या प्राध्यापकाकडे पाहिलं आणि खिशातून पेन काढलं. आता वर्ग गेला, हे सरांना कळत होतं, तरी ते थांबून राहिले.

"नाही," केसांत पेन खोचलेली मुलगी म्हणाली.

सरांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "कुठपासून?" त्यांनी विचारलं.

मग धरण फुटलं. कुणाला तिसऱ्या पेल्यापासून कळलं नव्हतं, कुणाला पहिल्यापासून. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, त्याला मागच्या महिन्यापासूनचंच काही कळलेलं नाही. सर खडू घेऊन पायऱ्या चढून वर गेले, खाली आले, पुन्हा गेले. तासाची घंटा झाली ती कुणी ऐकली नाही. शेवटी विभागप्रमुखांनीच हात वर केला आणि संकोचत विचारलं, ते इतर सर्व घटक स्थिर, त्याचं एकदा सांगता का? वर्ग सरांकडेच राहिला. शेऱ्यात लिहिलं होतं की अध्यापकांची प्रकृती उत्तम आहे आणि सासूबाई हयात आहेत.

सर जवळजवळ पळतच घरी आले. सासूबाई काठी घेऊन खिडकीपर्यंत चालून दाखवत होत्या. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, रविवारी त्या आपल्या घरी परतणार होत्या. सरांनी सगळं सांगितलं, आणि मग, जे त्यांना सहसा जमत नसे, ते आभार मानले. तुम्हाला कळलं नाही म्हणून माझा वर्ग वाचला, ते म्हणाले.

सासूबाई खाटेवर बसल्या. काठी आडवी ठेवली.

"पहिले दोन दिवस खरंच नव्हतं कळलं," त्या म्हणाल्या. "पुढचं कळत होतं."

मग "नाही" का म्हणायचात, असं सरांनी विचारलं.

"कळलं म्हटलं असतं तर तुम्ही फोन उचलून, दार ओढून गेला असता. माझी लेक ऑफिसात. मग दिवसभर मी आणि ह्या गोधड्या." त्यांनी काठीच्या टोकाने गोधड्या दाखवल्या. "तुम्ही म्हणता, तिसरा पेला नकोसा होतो. पाण्याचं असेल तसं. पण तुम्ही तेच तिसऱ्यांदा सांगायचात ना, तेव्हा मला पहिल्या वेळेपेक्षा बरं वाटायचं. तुमचा नियम बोलण्याला नाही लागू." त्यांनी सरांच्याच ढंगात चष्मा कपाळावर चढवला. "कळलं?"

सरांना कळलं होतं. बाहेर वेल्डिंगचं दुकान बंद होत होतं, पलीकडच्या शिकवण्या संपल्या होत्या आणि घरात कधी नव्हे ते सगळे घटक स्थिर होते. सरांनी इस्त्रीच्या टेबलाजवळची खुर्ची खाटेजवळ ओढली आणि बसले.

"नाही," ते म्हणाले. "पुन्हा सांगा."